पिंजऱ्यातली बाई आणि मी

माझा आवाज पहिल्यांदा गेला तो ठाण्याच्या मामलेदार कचेरीत, भर दुपारी, बांधावरच्या एका आंब्याच्या तंट्यात. मी वाचक होतो. साक्षीदाराची जबानी लिहून झाली की ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग त्याचा अंगठा घ्यायचा, हे माझं काम. तीन वर्षं मी ते करत होतो. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, म्हणून तर मला ती जागा मिळाली होती.

त्या दिवशी दुसऱ्या पानावर आलो आणि छातीत धडधडायला लागलं. कारण काहीच नव्हतं. आंबा कोणाचा यात मला काय रस असणार? पण अक्षरं हलायला लागली, तळहात ओले झाले, जीभ टाळूला चिकटली. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. वाटलं, आता इथेच पडणार आणि मरणार. त्याहून वाईट म्हणजे, हे सगळे बघत असताना मरणार. ‘आंब्याच्या पूर्वेस’ एवढं म्हणून मी थांबलो ते थांबलोच. मामलेदारसाहेबांनी मान वर केली. शेजारच्या कारकुनाने माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि पुढचं वाचलं.

मी बाहेर जाऊन रांजणातलं पाणी प्यायलो. पाव तासात सगळं निवळलं. जणू काही झालंच नव्हतं. उन्हाचं पित्त असेल, असं मीही म्हणालो आणि बाकीचेही.

पण दुसऱ्या दिवशी कचेरीची पायरी चढताना मनात आलं, आज पुन्हा झालं तर? आणि झालं. पुढे तर ते होण्याची वाट बघण्यातच माझा दिवस जायला लागला.

लोकांना वाटतं भित्र्या माणसाला कशाची तरी भीती असते. वाघाची, साहेबाची, भुताची. माझं तसं नव्हतं. मला त्या धडधडीचीच भीती बसली होती. जिथून चटकन उठून जाता येत नाही अशी प्रत्येक जागा मला नकोशी झाली. न्हावी घरी यायचा, तर वस्तरा गळ्याशी आला की मी ताडकन उठायचो. एकदा अर्धं डोकं तसंच ठेवून मी माजघरात पळालो होतो आणि न्हावी अंगणात वस्तरा धरून बसला होता. लग्नाच्या पंगतीत मी दाराजवळचं पान धरायचो. कल्याणला वडिलांकडे जायचं तर आगगाडीत दार लावतात आणि पारसिकच्या डोंगराशी बोगद्याचा अंधार येतो, म्हणून मी भरतीची वेळ साधून पडावातून खाडीने जायचो. तासाभराचं काम, त्याला माझा सगळा दिवस मोडायचा. घरच्यांना सांगायचो, मला पाण्याची हवा मानवते.

कचेरीत हे लपेना. शेजारच्या कारकुनाने पहिले काही दिवस माझं वाचन सांभाळलं. मग त्यालाच त्याची गंमत वाटायला लागली. जबानी जरा लांब असली की तो मुद्दाम खोकून उठून जायचा आणि दाराआडून बघायचा. एका सकाळी मी माझी पेटी उघडली, तर दौतीशेजारी हिरव्या काचेच्या बांगड्या. चार. कोणीतरी माप बघून आणल्या होत्या, कारण त्या माझ्या हाताला बरोबर बसल्या असत्या. सगळे माना खाली घालून लिहीत होते. एकाचे खांदे हलत होते.

वैद्याने पित्ताच्या पुड्या दिल्या. इस्पितळातल्या डॉक्टराने छातीला कान लावून ऐकलं. तो आपल्याकडचाच, वयस्कर माणूस. म्हणाला, “काळीज घोड्यासारखं आहे तुमचं. फक्त बुजरं आहे. रस्त्यात कागदाचा कपटा उडाला तरी घोडा साप समजून उधळतो ना, तसं. घोडा खोटं करत नसतो. त्याला खरंच साप दिसतो.”

“मग उपाय?”

“उधळू द्या. उतरू नका. दमतो तो आपोआप.”

हे मला तेव्हा कळलं नाही. मला औषध हवं होतं.

वडील कल्याणला असत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, गावात वजन असलेले. माझी कीर्ती कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवली. त्यांनी मला श्रावणात बोलावून घेतलं. मी पोचलो तर ओसरीवर जाजम अंथरलेलं, आळीतली वीसेक माणसं बसलेली, मध्ये चौरंगावर पोथी.

“आज वाचायला हा बसेल,” वडील म्हणाले. “भीती चेपली म्हणजे जाते.”

मी बसलो. बसण्यावाचून इलाज नव्हता. पाच-सहा ओव्या झाल्या आणि ते आलं. माझे हात पोथीवर थरथरताना सगळ्यांना दिसत होते. मी थांबलो. वडील म्हणाले, “पुढे.” मी एक ओळ वाचली, पुन्हा थांबलो. “पुढे.” असं किती वेळा झालं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी माझ्या तोंडातून शब्दाऐवजी एक विचित्र आवाज निघाला, वासरासारखा, आणि मागच्या बाजूला बायका हसल्या. मी उठून परसात गेलो. मागून वडिलांचा आवाज आला. ते जमलेल्यांना सांगत होते, “दोन मुली होत्याच मला. आता तीन झाल्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी डागणी देणाऱ्याला बोलावलं. बेंबीच्या वर बोटभर अंतरावर त्याने तापलेली सळई टेकवली. दोघांनी माझे खांदे धरले होते, त्यातले एक वडील. तो वण अजून आहे. भीती काही गेली नाही.

बायकोला सगळं माहीत होतं. ती कधी हसली नाही आणि कधी कुरवाळलंही नाही. पंगतीला जायचं असलं की “यांचं पोट बरं नाही” असं आधीच सांगून ठेवायची. तिच्या त्या शांतपणाचाही मला राग यायचा.

असं वर्ष गेलं. मग तो मिठाचा खटला आला.

खाडीकाठच्या एका गावातला माणूस, मिठागरावर काम करणारा. सरकारी मिठाच्या राशीतून त्याने संध्याकाळी एक गोण उचलली आणि अडवणाऱ्या शिपायाला ढकलून पळाला, असा आरोप होता. शिपायाने पाठ पाहिली होती, तोंड नाही. आरोपी म्हणत होता, त्या दिवशी मी तापाने घरी पडलो होतो. त्याला साक्षीदार एकच. त्याची बहीण. नवरा मेलेली, पंचविशीतली, भावाच्याच घरी राहणारी.

ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा चांगली ताठ होती. शपथ घेतली. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी भाऊ कुठे होता?

“दादूस घरीच व्हता,” ती म्हणाली. “ताप व्हता त्याला. मी त्याच्या कपालाव...”

आणि थांबली.

मी लिहीत होतो. टाक थांबवून वर पाहिलं. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. वरच्या ओठावर घाम. तोंड उघडं, मासळी पाण्याबाहेर काढल्यावर असतं तसं. आणि तिची नजर दाराकडे गेली.

ती नजर मी ओळखत होतो. ती साहेबाकडे बघत नाही, भावाकडे बघत नाही, दार किती पावलांवर आहे आणि मध्ये किती माणसं आहेत तेवढंच मोजते.

“पुढे बोल,” साहेब म्हणाले.

“हवा नाय... मना भायेर जाऊ द्या.”

“कपाळावर काय केलंस?”

तिचे ओठ हलले. शब्द आला नाही. आरोपीच्या जागेवरून भाऊ ओरडला, “अगं बोल ना! पट्टी ठेवलीस ना माझ्या कपालाव? बोल!” शिपायाने त्याला गप्प केलं. ती थरथरायला लागली, आधी हात, मग सगळं अंग. कठड्याची फळी खडखडत होती.

साहेब खुर्चीत मागे टेकले. “बाई, खरं बोलायला इतका घाम लागत नाही.”

कचेरी हसली. शेजारचा कारकून तर मोकळेपणाने हसला. मग साहेब माझ्याकडे वळले. ते तसे क्रूर नव्हते. दुपार होती, ते कंटाळले होते आणि त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं.

“काय हो वाचक, तुम्ही इतक्या साक्षी ऐकता. तुम्हाला काय वाटतं?”

एवढ्या नोकरीत साहेबांनी माझं मत विचारलं ते त्या एकाच वेळी. मला एवढंच म्हणायचं होतं: साहेब, हिला पाव तास बाहेर बसवा, पाणी द्या, मग विचारा. दहा-बारा शब्द. कारण सांगायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, “आपण म्हणता तेच, साहेब.”

त्यांच्या सांगण्यावरून मी जबानीखाली लिहिलं, की साक्षीदार थरथरते, घामाघूम होते, प्रश्नाचं उत्तर देत नाही. मग उठून ती दीड वाक्याची जबानी आणि तो शेरा वाचून दाखवला. माझा आवाज खणखणीत लागला. कित्येक महिन्यांत लागला नव्हता असा. हात कोरडे होते. श्वास पोटापर्यंत पोचत होता. तिचा अंगठा मीच धरून शाईत बुडवला. तो बर्फासारखा गार होता.

भावाला सहा महिने सक्तमजुरी झाली. त्याला नेताना तो शिपायांना काही बोलला नाही, साहेबांना काही बोलला नाही. बहिणीसमोर थांबला आणि तिच्या तोंडावर थुंकला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, “आज अडखळलो नाही.” मला खरंच आनंद झाला होता. ती तांदूळ निवडत होती. आज काय वेगळं झालं, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, साहेबांनी माझं मत विचारलं तेही.

तिचा हात सुपात थांबला. “म्हणजे तिला काय होतंय ते तुम्हाला कळत होतं.”

“हो.”

“आणि त्या जागी तुम्ही नव्हतात, ती होती, म्हणून तुम्हाला बरं वाटलं.”

मी पगडी खुंटीला लावायला वळलो.

“अख्ख्या कचेरीत एका माणसाला ठाऊक होतं,” ती म्हणाली, “आणि तो माणूस तुम्ही निघालात.” तिने सूप उचललं आणि आत गेली. नंतर कितीतरी दिवस ती मला वाढायची, लुगडं सावरून समोर बसायची, काय हवं नको ते बघायची आणि बोलायची नाही.

चार दिवसांत माझी धडधड परत आली. पूर्वीपेक्षा जास्त.

कचेरीतला एक शिपाई त्याच गावचा होता. पावसाळा संपल्यावर एकदा तो सहज म्हणाला, “तो मिठाचा चोर सुटून आला. आल्या आल्या बहिणीला घराबाहेर काढली. भांडं नाही, गोधडी नाही. आता बंदरावर पडून असते, मीठ वाहते.”

मी ठरवून गेलो असं नाही. तीन वेळा निघालो आणि तीन वेळा अर्ध्यातून परत आलो. चौथ्यांदा पोचलो. ओहोटी होती. मिठाचा पडाव चिखलापासून जरा लांब उभा होता आणि काठापासून त्याच्यापर्यंत एक फळी टाकलेली, वीतभर रुंद. बायका डोक्यावर मिठाची पाटी घेऊन तिच्यावरून चालत होत्या. फळी प्रत्येक पावलाला वाकायची. ती त्यांच्यात होती. हात मोकळे सोडून, एका बाईशी काहीतरी बोलत, ती चालत गेली आणि रिकामी पाटी घेऊन आली. तिला हसणाऱ्या कचेरीतल्या एकालाही त्या फळीवर दोन पावलं टाकता आली नसती.

ती काठावर आल्यावर मी पुढे झालो. तिने मला लगेच ओळखलं आणि मागे सरकली. “आता कंचा खटला?”

“खटला नाही. त्या दिवशी तुला जे झालं ना, ते मला होतं. तसंच. रोज.”

ती माझ्याकडे बघत राहिली.

“छाती धडधडते. हवा पुरत नाही. वाटतं आता मरणार.”

“मना वाटला मी मेलीच,” ती हळूच म्हणाली. मग, “तू मेला नाय ना?”

“नाही. ते वर चढतं, थोडा वेळ थांबतं आणि उतरतं. पाव तासात. प्रत्येक वेळी. मारत नाही.”

तिने पाटी खाली ठेवली. “आजून येतं मना. बाजारान येतं. देवलान येतं. मी म्हनलं, खोटी शपत घेतली असं देवाला वाटलं, म्हनून येतं.” आणि मग तिचा चेहरा बदलला. मी काय सांगितलं ते तिला आता पुरतं कळलं. “तवा ठाव व्हता तुला?”

“हो.”

“आनी तू वाचलास. मोठ्यानं.”

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं, “हे माज्या दादूसला सांगशील? चार मान्सांम्होरं?”

मी हो म्हणालो.

मिठागराच्या बांधावरून आम्ही गेलो. ती पुढे, मी दहा पावलं मागे. गावात शिरल्यावर तिने भावाच्या अंगणाबाहेर पाय थांबवला. भाऊ जाळं विणत बसला होता. त्याच्याजवळ तीन-चार म्हातारे होते. तुरुंगातून आलेल्या माणसाचे खांदे असतात तसे त्याचे खांदे झाले होते, आत वळलेले.

मी सुरुवात केली. कचेरीतला वाचक आहे म्हणालो. पुढचं वाक्य मनात घोकून ठेवलं होतं, ते अर्ध्यातच सुटलं. छाती उसळली. अंगणाच्या फाटकाकडे माझी नजर गेली आणि मी ती तशीच जाऊ दिली. हात थरथरायला लागले. मी खाली बसलो, मातीत. म्हाताऱ्यांतला एक म्हणाला, “काय झाला याला? पानी आना.” भाऊ जाळं सोडून माझ्याकडे टक लावून बघत होता. माझा घाम, माझे हात, माझं उघडं तोंड.

मी पळालो नाही. पहिल्यांदाच. उतरू नका, असं तो डॉक्टर म्हणाला होता, त्याचा अर्थ मला त्या मातीत बसल्यावर लागला. ते चढलं, थांबलं, उतरलं. मग मी म्हणालो, “हेच. तुझ्या बहिणीला हेच झालं होतं. ती खोटं बोलत नव्हती. मला माहीत होतं आणि मी साहेबांना सांगितलं नाही.”

भावाने विचारलं, “सांगितला असता तर मी सुटलो असतो?”

“ते मला माहीत नाही. तिला पुन्हा विचारलं असतं, एवढं नक्की.”

त्याने बहिणीकडे पाहिलं. मला दिसलं की त्याला पटलं आहे. चेहऱ्यावर ते स्पष्ट होतं. आणि पटल्यामुळेच त्याला ती आता डोळ्यांसमोर नको होती. सहा महिने तुरुंगात त्याने जिला शिव्या देत दळण दळलं असेल, ती खरी होती, हे त्याला सोसवेना.

“समाजला मना,” तो म्हणाला. “पन घरान जागा नाय.” आणि पुन्हा जाळं हातात घेतलं.

म्हाताऱ्यांतल्या एकाने सुताचा गुंडा त्याच्यापुढे सरकवला.

परत येताना बांधावर ती थांबली. रडत नव्हती. “आता तू बंदराव येऊ नको,” ती म्हणाली. “कचेरीचा मानूस माज्याकडं येतो म्हनून लोक बोलतील. तेवढा एक बोल लागायचा ऱ्हायलाय, तो नको.”

मी पुन्हा गेलो नाही.

मामलेदारसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “निकाल लागलेला आहे. शिक्षा भोगून झालेली आहे. आता तुम्ही कोणावर उपकार करताय?” वाचकाची जागा सोडून मी दप्तरखान्यात बदली मागितली. ती लगेच मिळाली. त्या दिवशी शेजारच्या कारकुनाने पेढे वाटले. माझी जागा त्याला मिळाली होती.

दप्तरखान्यात मी उरलेली नोकरी काढली. ते येतं अजून. मी बसून राहतो, ते जातं. पूर्वी महिन्यातून दहा वेळा यायचं, आता कधी कधी महिना कोरडा जातो. वडील वारले तेव्हा मी आगगाडीने गेलो, बोगद्यातून, दोन्ही हातांनी बाक धरून. पोचलो तोवर त्यांना नेलं होतं.

तिची खबर तिच्या गावचा तो शिपाई अधूनमधून देत असे. बंदरापाशी तिने झावळ्यांची खोपी बांधली. मग मिठागरावरच्याच एका विधुराशी पाट लावला. काम करताना तिला अजून कधीतरी ते होतं. ती पाटी उतरवते, जमिनीवर बसते, आणि बाकीच्या बायका तिला वळसा घालून मीठ वाहत राहतात. थोड्या वेळाने ती उठते. तिचा भाऊ रोज तिच्या खोपीवरून मिठागरावर जातो. शिपाई म्हणतो, तो तिथे आला की मान खाली घालून पावलं भराभर उचलतो.